सर्जनशील लेखनाच्या वर्गात ऑनलाइन सहाध्यायी परीक्षण: तयारीपासून पुनर्लेखनापर्यंत

सर्जनशील लेखन शिकवणाऱ्या बहुतेक शिक्षकांची रीत ठरलेली असते. वर्गाकडून कथा लिहून घ्यायच्या, गठ्ठा घरी न्यायचा, प्रत्येक कथेखाली दोन ओळींचा शेरा लिहायचा आणि गुण द्यायचे. शेरा वाचून पुन्हा लिहायला बसणारा विद्यार्थी क्वचितच सापडतो, आणि त्यात त्याचा दोष नाही. त्याच्या कथेला एकच वाचक मिळाला, तोही गुण देणारा. गुण हाती पडले की कथा त्याच्यापुरती संपते.

विद्यार्थ्यांनी एकमेकांचं लेखन वाचून लेखी अभिप्राय दिला, तर हे बदलू शकतं. पण ‘एकमेकांच्या कथा वाचा आणि मत द्या’ एवढं सांगून भागत नाही. मग ‘छान’, ‘शेवट आवडला’, ‘शुद्धलेखनाकडे लक्ष दे’ यापलीकडे हाती काही लागत नाही. परीक्षण ही शिकवावी लागणारी गोष्ट आहे, तेही एक लेखनच आहे, असं धरून सगळी आखणी केली तरच ते जमतं. पुण्यातल्या एखाद्या महाविद्यालयातला चाळीसेक विद्यार्थ्यांचा, मराठीतून लिहिणारा वर्ग डोळ्यांसमोर ठेवून हा लेख लिहिला आहे.

अभिप्राय देणाऱ्याला यातून सर्वांत जास्त मिळतं. क्रिस्टी लुंडस्ट्रॉम आणि वेंडी बेकर यांचा २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास याच प्रश्नावर होता. इंग्रजी दुसरी भाषा म्हणून शिकणाऱ्यांपैकी काहींनी फक्त अभिप्राय द्यायला शिकायचं, इतरांनी फक्त मिळालेल्या अभिप्रायाचा उपयोग करायला शिकायचं, अशी विभागणी त्यांनी केली. स्वतःच्या लेखनात जास्त सुधारणा झाली ती अभिप्राय देणाऱ्यांच्या, विशेषतः त्यांतल्या भाषेत कच्च्या विद्यार्थ्यांच्या. तो अभ्यास निबंधांचा होता. तरी त्यामागचं कारण कथेलाही लागू पडतं: दुसऱ्याच्या कथेत आपलं लक्ष नेमकं कुठे उडालं हे शोधायची सवय लागली की स्वतःच्या कथेतले तसे परिच्छेद दिसू लागतात.

आधी ठरवा: गुण कोण देणार

विद्यार्थ्यांनी एकमेकांच्या कथा-कवितांना गुण देऊ नयेत. हा निर्णय पहिल्याच दिवशी घ्या आणि वर्गात स्पष्ट सांगा. गुण द्यायचे म्हटलं की मैत्री, गट, वसतिगृहातली भांडणं सगळं मध्ये येतं. त्याहून मोठी अडचण म्हणजे चांगली कथा वाचकांमध्ये मतभेद निर्माण करते. एकाला ती थरारून टाकते, दुसऱ्याला खटकते. सरासरी काढली की अशी कथा मधल्या गुणांवर येऊन बसते आणि कुणालाच न खटकणारी, गुळगुळीत कथा पुढे निघून जाते.

मूडल ही ऑनलाइन अध्यापनाची प्रणाली वापरणाऱ्यांनी इथे विशेष सावध राहावं. त्यातल्या ‘वर्कशॉप’ या सोयीत मुळात लेखनाला ८० आणि परीक्षणाला २० गुण धरलेले असतात. परीक्षणाचे गुण काढताना ती प्रणाली सरासरीच्या सर्वांत जवळ जाणारं परीक्षण उत्तम मानते आणि बाकीची त्याच्याशी ताडून पाहते. प्रयोगशाळेच्या वहीसाठी हे ठीक आहे. कवितेच्या बाबतीत मात्र वेगळं वाचणाऱ्यालाच त्यामुळे शिक्षा होते. म्हणून तिथे गुणांऐवजी फक्त टिप्पणीची पद्धत निवडा. आपोआप दिसणारे आकडे सोडून द्या आणि परीक्षणं स्वतः वाचून गुण स्वतः द्या.

अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण असतील, तर मी अशी विभागणी सुचवेन: वेळेत जमा केलेल्या पहिल्या खर्ड्याला ४, दिलेल्या परीक्षणांना १०, पुनर्लेखन आणि त्यासोबतच्या टिपणाला ६. पहिल्या खर्ड्याचा दर्जा मोजूच नका. खर्डा हा खर्डाच असतो. तो कच्चा राहिला म्हणून गुण जातील अशी धास्ती असेल, तर विद्यार्थी घासूनपुसून संपवलेलं, बदलायची इच्छाच उरलेली नसलेलं लेखन घेऊन येतात.

साधन: मूडल असेल तर, नसेल तर

महाविद्यालयात मूडल असेल तर वर्कशॉपच वापरा. त्यात पाच टप्पे आहेत: मांडणी, लेखन जमा करणं, परीक्षण, परीक्षणांचं मूल्यमापन आणि समाप्ती. कोण कुणाचं वाचणार याचं वाटप त्यात यादृच्छिक पद्धतीने होतं. सरावासाठी नमुना-लेखन ठेवायचीही सोय आहे, तिचा उपयोग पुढे सांगतो.

मूडल नसेल तर गूगल फॉर्म आणि एक तक्ता पुरतो, फक्त मधलं काम हाताने करावं लागतं. एका फॉर्मवर कथा जमा करून घ्यायच्या, प्रत्येकीला क्रमांक द्यायचा, त्या एका फोल्डरमध्ये फक्त वाचण्यापुरत्या खुल्या ठेवायच्या आणि दुसऱ्या फॉर्मवर परीक्षणं घ्यायची. वाटपासाठी सोपी युक्ती आहे. कथांचे क्रमांक यादीच्या क्रमाने न देता चिठ्ठ्या टाकून द्या. मग क्रमांक १ ने २, ५ आणि १० वाचायच्या; क्रमांक २ ने ३, ६ आणि ११; यादी संपली की पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे दरवेळी आपल्या क्रमांकात १, ४ आणि ९ मिळवायचे. चाळीसच्या वर्गात यामुळे प्रत्येकाला तीन वाचक मिळतात आणि कुणी दोघं परस्परांचं परीक्षण करत नाहीत. ‘तू माझी स्तुती कर, मी तुझी करतो’ याला जागा राहत नाही.

वाटप मुदत संपल्यानंतर करा, आधी नको. ज्यांनी कथाच दिली नाही त्यांच्या नावावर कथा वाटल्या गेल्या की तीन बिचाऱ्या लेखकांचे वाचक हरवतात. तीनच वाचक का? एकाने दगा दिला तरी दोन उरतात. चारपेक्षा जास्त परीक्षणं लिहायला लावली की शेवटची दोन घाईत उरकली जातात.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कथा टाकून चर्चा करू नका. सूचना द्यायला ग्रुप ठीक आहे, पण तिथे पहिली प्रतिक्रिया ज्याची येते त्याच्यामागे बाकीचे अंगठे रांगेने उभे राहतात.

लेखन युनिकोडमध्येच टाइप केलेलं हवं, ही अट फॉर्मवरच लिहा. डीटीपीच्या दुकानातून जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून आणलेली फाइल दुसऱ्याच्या फोनवर अगम्य चिन्हांची रांग होऊन उघडते. बहुतेक जण फोनवरच वाचणार हेही गृहीत धरा. गद्य सरळ मजकुराच्या चौकटीत घ्या. कविता मात्र पीडीएफ म्हणून घ्या, कारण अरुंद पडद्यावर लांब ओळ मोडते आणि कवीने न तोडलेली ओळ वाचकाला तुटलेली दिसते. मग ‘ओळी कुठेही का तोडल्यास?’ असा अभिप्राय येतो आणि कवी गोंधळून जातो.

नावं झाकणं

आपल्याकडे आडनाव वाचलं की पुष्कळ गोष्टी वाचल्या जातात: जात, गाव, कधी कधी घरची परिस्थितीही. एखाद्या मुलीने वस्तीतल्या नळावरच्या भांडणाची कथा लिहिली आणि वर तिचं आडनाव दिसलं, तर वाचक कथा वाचायची सोडून तिला वाचू लागतात. म्हणून लेखक आणि परीक्षक दोघांचीही नावं झाका. शिक्षकाला मात्र दोन्ही ठाऊक असावीत आणि हे विद्यार्थ्यांना माहीत असावं. बेलगाम टोमणे त्यानेच आवरतात.

नाव झाकणं दिसतं तितकं सोपं नाही. मूडलमध्ये लेखकाचं नाव दिसणं आणि परीक्षकाचं नाव दिसणं या दोन वेगळ्या परवानग्या आहेत. विद्यार्थ्यांसाठी दोन्ही बंद आहेत ना, हे विद्यार्थ्याच्या खात्यातून आत शिरून तपासा. गूगल फॉर्मवर फाइल चढवली की फाइलच्या नावापुढे चढवणाऱ्याचं नाव आपोआप जोडलं जातं, तेव्हा फोल्डर खुला करण्याआधी सगळ्या फाइलींची नावं बदलून फक्त क्रमांक ठेवा. वर्डच्या फाइलमध्ये गुणधर्मांत लेखकाचं नाव राहतं. गूगल डॉक्समध्ये टिप्पणी दिली की खात्याचं नाव शेजारीच उमटतं, म्हणून या टप्प्यात डॉक्सवर टिप्पण्या नकोत.

मराठीत आणखी एक पेच आहे. ‘मी वाचत होते’, ‘मी थबकलो’ अशा क्रियापदांतून परीक्षकाचं लिंग कळतं आणि छोट्या वर्गात तेवढ्यावरून माणूस ओळखू येतो. ‘वाचताना मला वाटलं’, ‘इथे माझं लक्ष गेलं’, ‘मला प्रश्न पडला’ अशा वाक्यांची सवय लावा. लेखकाबद्दल लिहिताना ‘तुझ्या कथेत’ किंवा ‘या प्रसंगात’ म्हणावं. आठ-दहा जणांच्या वर्गात मात्र अनामिकतेचा आग्रह सोडा. तिथे शैलीवरून सगळे सगळ्यांना ओळखतात. अशा वेळी नावानिशी परीक्षण करा आणि एकमेकांवर विश्वास बसावा यासाठी जास्त वेळ द्या.

परीक्षण शिकवणं

हा भाग टाळला तर पुढचं काहीच साधत नाही. त्यासाठी पूर्ण दोन तास ठेवा, आणि ते प्रत्यक्ष वर्गात घ्या.

पहिल्या तासाला एक छोटी कथा वाचा. ती वर्गातल्या कुणाची नसावी, तुम्ही स्वतः लिहिलेली असली तर उत्तम. समजा, स्वारगेट बसस्थानकाच्या फलाटावर बाप शिकायला आलेल्या मुलाला सोडून परत गावी निघालाय. तो तिकिटाचे सुटे पैसे तीनदा मोजतो. मग वाक्य येतं: ‘त्याचं मन भरून आलं.’ विद्यार्थ्यांना दोन अभिप्राय दाखवा. एक: ‘कथा हृदयस्पर्शी आहे, पण अजून खुलवता आली असती.’ दुसरा: ‘बाप तिसऱ्यांदा पैसे मोजतो तिथे त्याची घालमेल मला कळली. त्यामुळे मन भरून आल्याचं वाक्य आल्यावर तीच गोष्ट पुन्हा सांगितल्यासारखी वाटली.’ पहिला कोणत्याही कथेखाली चिकटवता येतो. दुसरा फक्त याच कथेचा आहे, त्यात एक जागा दाखवली आहे आणि त्या जागी वाचकाचं काय झालं ते सांगितलं आहे. त्यात ‘वाईट’ हा शब्द कुठेही नाही, तरी लेखकाला काय करायचं ते समजतं.

दुसऱ्या तासाला प्रश्न विचारायला शिकवा. अमेरिकन नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मन यांनी १९९० च्या सुमारास कलाकृतीवर अभिप्राय देण्याची चार पायऱ्यांची पद्धत बसवली, ती कथा-कवितेलाही छान लागू पडते. आधी पाहणाऱ्यांनी काय लक्षात राहिलं, काय भिडलं ते सांगायचं. मग कलावंताने स्वतःचे प्रश्न विचारायचे. मग पाहणाऱ्यांनी कलावंताला तटस्थ प्रश्न विचारायचे. मत सर्वांत शेवटी, तेही कलावंताची परवानगी घेऊन. यांतली तिसरी पायरी विद्यार्थ्यांना सर्वांत जड जाते, कारण आपण प्रश्नातच निकाल दडवतो. ‘शेवट असा अर्धवट का सोडला?’ हा प्रश्न नाही, तक्रार आहे. ‘बस सुटल्यावर वाचकाच्या मनात काय राहावं असं तुला वाटतं?’ हा प्रश्न आहे. वर्गात दहा-बारा तक्रारी फळ्यावर लिहा आणि त्यांचे प्रश्न करून घ्या. मुलं यात रंगून जातात.

मूडलमधली नमुना-लेखनाची सोय इथे वापरा. खरी परीक्षणं सुरू होण्याआधी प्रत्येकाने नमुन्यावर एक परीक्षण लिहायचं, आणि तुम्ही त्यातली चार-पाच परीक्षणं, लिहिणाऱ्यांची नावं काढून, वर्गात वाचून दाखवायची.

परीक्षणाचा फॉर्म

कथा देतानाच लेखकाने वाचकांसाठी दोन प्रश्न लिहून द्यावेत: ‘संवाद खरे वाटतात का?’, ‘बाप कुठे नाटकी होतो का?’ असे. कशाला उत्तर हवंय हे लेखकालाच ठरवू द्या. परीक्षकाच्या फॉर्मवर याहून जास्त नको:

१. कथा बाजूला ठेवून, न पाहता लिहा: काय लक्षात राहिलं?
२. जिथे तुम्ही सर्वांत गुंतला होतात ती एक ओळ जशीच्या तशी उतरवा. तिथे काय झालं?
३. जिथे लक्ष उडालं किंवा गोंधळ झाला ती जागा दाखवा.
४. लेखकाच्या दोन प्रश्नांची उत्तरं.
५. लेखकाला दोन तटस्थ प्रश्न.

‘सूचना’ नावाचा रकाना मी मुद्दाम ठेवलेला नाही. तो असला की विद्यार्थी दुसऱ्याची कथा स्वतःसारखी लिहू पाहतात. सूचना हवी असेल तर लेखक आपल्या प्रश्नातून मागेल. एकूण परीक्षण २०० ते २५० शब्दांचं असावं. ओळ जशीच्या तशी उतरवायला लावण्याचा एक जास्तीचा फायदा आहे: कथा न वाचता केलेलं परीक्षण लगेच उघडं पडतं. मित्राची अप्रकाशित कथा चॅटजीपीटीसारख्या साधनात टाकून अभिप्राय मागायचा नाही, हा नियम लेखी द्या आणि त्याचं कारणही सांगा. ती कथा परीक्षकाची नाही, ती कुठेही देण्याचा त्याला अधिकार नाही.

वेळापत्रक

१२०० शब्दांची कथा दोनदा वाचून नीट परीक्षण लिहायला पाऊण तास ते एक तास लागतो. म्हणजे एका विद्यार्थ्याचे तीन तास. एवढं काम एका संध्याकाळी होत नाही. लेखनाला दहा दिवस, परीक्षणाला रविवार धरून सात, पुनर्लेखनाला दहा, असा साधारण महिनाभराचा हिशेब धरा.

पुण्यात कॅलेंडर पाहूनच तारखा ठरवाव्यात. पावसाळ्यात पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेच्या तालमी रात्री उशिरापर्यंत चालतात आणि तुमच्या वर्गातले सर्वांत उत्साही लेखक नेमके तिथे असतात. त्यामागोमाग गणपती, मग दिवाळीला अर्धं वसतिगृह गावी. मुदत गुरुवारी ठेवू नका, त्या दिवशी बऱ्याच भागांत दुरुस्तीसाठी वीज जाते. मुदतीची वेळ मध्यरात्र न ठेवता रात्री नऊ ठेवा, म्हणजे कुणाची फाइल अडकली तर तुम्ही जागे असता.

परीक्षणाच्या आठवड्यात शिक्षकाचं काम

१२० परीक्षणं प्रत्येकी २५० शब्दांची म्हणजे तीस हजार शब्द. शेवटी एकदम वाचायला बसलात तर दमाल. पहिल्या दोन दिवसांत येतील ती लगेच वाचा. उथळ परीक्षण दिसलं की त्याच विद्यार्थ्याला खासगीत लिहा: ‘तिसऱ्या प्रश्नात जागा दाखवलेली नाही, पुन्हा बघ.’ लेखकाकडे परीक्षणं जाण्याआधी सगळ्यांवरून एकदा नजर फिरवाच. अपमानकारक मजकूर थांबवायची ती एकच संधी असते.

याच आठवड्यात बोलीचा प्रश्न हमखास येतो. पुण्यातल्या वर्गात लातूर, जळगाव, यवतमाळ, सिंधुदुर्ग सगळीकडची मुलं असतात. यवतमाळच्या मुलाच्या कथेतली आजी ‘मले काय मालूम’ म्हणते आणि परीक्षक त्याखाली ‘अशुद्ध’ असा शेरा मारतो. हा शेरा तसाच जाऊ दिला तर तो मुलगा पुढची कथा पुस्तकी भाषेत लिहील आणि त्याची आजी त्याच्या लेखनातून कायमची निघून जाईल. नियम आधीच सांगा: पात्रांच्या बोलीत शुद्धलेखनाच्या चुका शोधायच्या नाहीत. एकच पात्र कुठे ‘मला’ आणि कुठे ‘मले’ का म्हणतं, हा प्रश्न जरूर विचारावा, तो कथेच्या उपयोगाचा आहे. अनोळखी शब्द अडला तर ‘इथे अर्थ संदर्भावरून लागला’ किंवा ‘लागला नाही’ एवढं लिहावं.

अवघड विषयांचंही असंच आहे. अत्याचार, आत्महत्या, घरातली हिंसा यांवर मुलं लिहितात आणि त्यांनी लिहावं. कथेच्या वर एका ओळीत विषय सांगायला लावा आणि कुणाला ती वाचणं जड जाणार असेल तर काही न विचारता कथा बदलून द्या. एखादं लेखन वाचून ते कल्पित नाही, लिहिणाऱ्याच्याच जिवाचं आहे, अशी शंका आली तर ते परीक्षणाला पाठवू नका. त्या विद्यार्थ्याला एकट्याला भेटा, त्याचं ऐका, महाविद्यालयाच्या समुपदेशकाशी गाठ घालून द्या. सरकारची टेलीमानस ही मोफत मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालू असते, तो क्रमांक फॉर्मच्या तळाशी कायम ठेवा.

पुनर्लेखन

परीक्षणं हाती पडल्यावर दोन दिवस कुणीच काही लिहायचं नाही. पहिल्या वाचनात तीनांतलं एकच बोचरं वाक्य दिसतं आणि बाकीची दोन परीक्षणं वाया जातात. दोन दिवसांनी वर्गात तासभर बसून प्रत्येकाने आपली परीक्षणं शेजारीशेजारी ठेवून वाचावीत. तिघांनी एकच जागा दाखवली असेल तर तिथे काहीतरी नक्की आहे, मग तिघांची कारणं वेगळी असली तरी. एकानेच दाखवली असेल तर लेखकाने स्वतः ठरवावं.

पुनर्लेखनासोबत एक पानाचं टिपण घ्या: काय बदललं, काय बदललं नाही आणि का. ‘दोघांनी शेवट स्पष्ट करायला सांगितलं, पण मला तो तसाच हवा आहे, कारण बाप परत वळून पाहतो की नाही हे मुलालाही कळत नाही’ असं कुणी लिहिलं तर त्याला पूर्ण गुण द्या. अभिप्राय नाकारायचा हक्क लेखकाला नसेल, तर तीन वाचकांचं समाधान करणारी गोधडी तेवढी तयार होते.

परीक्षणांचे १० गुण देताना दोनच गोष्टी पाहा: जागा नेमकी दाखवली आहे का, आणि प्रश्न लेखकाला विचार करायला लावणारे आहेत का. लेखकांनाही विचारा, तीनपैकी कोणतं परीक्षण सर्वांत उपयोगी पडलं. त्या उत्तरावरून गुण ठरवू नका, पण आपलं परीक्षण उपयोगी पडलं हे त्या परीक्षकाला जरूर कळवा. वर्गात कधी न बोलणाऱ्या मुलीचं नाव अशा वेळी पुढे येतं.

कविता आणि एकांकिका

कवितेला वेगळा फॉर्म लागत नाही, पण परीक्षकाने ती मोठ्याने वाचून कुठे अडखळायला झालं ते लिहावं. गझल असेल तर काफिया (यमक), रदीफ (यमकानंतर पुन्हा पुन्हा येणारा शब्द) आणि वृत्त सांभाळलं आहे का, एवढा एक रकाना वाढवा. ती तपासण्याजोगी गोष्ट आहे आणि मतापासून वेगळी ठेवावी. एकांकिका फक्त वाचून परीक्षण करू नका. एका प्रसंगाचं फोनवर अभिवाचन ध्वनिमुद्रित करून जोडायला सांगा. अर्थात आवाज ऐकला की अनामिकता संपते, म्हणून ते लेखकाने न वाचता दुसऱ्या तुकडीतल्या मित्रांकडून वाचून घ्यावं.

हक्क आणि परवानगी

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार कथेचा हक्क लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचाच असतो, त्यासाठी नोंदणी लागत नाही. वार्षिक अंकात किंवा महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर ती घ्यायची असेल तर प्रत्येकाची लेखी परवानगी घ्या. आणि हे सगळं काम बंद फोल्डरमध्येच ठेवण्याचं एक अगदी व्यावहारिक कारण आहे: बऱ्याच कथास्पर्धा आणि दिवाळी अंक अप्रकाशित लेखनच मागतात. वर्गासाठी म्हणून उघड्यावर टाकलेली कथा पुढे तिथे पाठवता येईलच असं नाही. सत्र संपलं की पहिले खर्डे आणि परीक्षणं लेखकांना परत द्या, गुणांची नोंद तेवढी ठेवा आणि फोल्डर काढून टाका.